सांध्यातलं पाणी: कुठलं प्रथिन रक्तातून गळालं, कुठलं तिथेच तयार झालं?

ऑर्थोच्या ओपीडीबाहेरच्या बाकड्यावर हमखास कानावर पडणारं वाक्य म्हणजे, "गुडघ्यातलं वंगण संपलंय म्हणे." आणि आत डॉक्टर त्याच गुडघ्यातून चाळीस मिली पाणी काढत असतात. निरोगी गुडघ्यात ते जेमतेम ३-४ मिली असतं. म्हणजे वंगण संपलेलं नसतं, उलट दहापट झालेलं असतं. फक्त ते वंगण राहिलेलं नसतं, आणि त्यात बाहेरची गर्दी शिरलेली असते.

ही गर्दी कुणाची, हे मोजायचं कसं, त्याचा हा लेख. बायोकेमिस्ट्रीत एमडी किंवा एमएस्सीचा प्रबंध हाती घेतलेले विद्यार्थी आणि मेडिकल कॉलेजातल्या लहान प्रयोगशाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. गट चार धरू: झिजेचा संधिवात (ऑस्टिओआर्थ्रायटिस), आमवात (ऱ्हुमॅटॉइड), गाऊट आणि जंतुसंसर्गाचा सांधा. रुग्ण म्हणून वाचत असाल तर एवढंच लक्षात ठेवा की यातल्या बहुतेक चाचण्या निदानासाठी नाहीत. निदानाला आजही पेशींची मोजणी, मायक्रोस्कोपखाली स्फटिक आणि कल्चर याच तीन गोष्टी लागतात.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण बहुतेक प्रबंध तिथेच घसरतात. आमवाताच्या पाण्यात अमुक प्रथिन दुप्पट सापडलं, या वाक्यात माहिती फारशी नसते. सुजलेल्या सांध्यात जवळजवळ सगळीच रक्तातली प्रथिनं वाढतात, कारण रक्तवाहिन्या गळतात. ते प्रथिन गळतीच्या हिशेबापेक्षा जास्त आहे की कमी, हा खरा प्रश्न. आणि तो सोडवायला त्याच रुग्णाचं, त्याच वेळी घेतलेलं रक्त हवं. सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) नसेल तर तुलनेच्या भानगडीत पडू नका.

आधी चाळणी समजून घ्या

रक्ताच्या प्लाझ्मात प्रथिनं डेसिलीटरला ६ ते ८ ग्रॅम असतात. निरोगी सांध्याच्या पाण्यात ढोबळमानाने १.५ ते २.५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक तृतीयांश. सांध्याच्या आतल्या अस्तराला, म्हणजे सायनोव्हियमला, इतर आवरणांसारखा बेसमेंट मेम्ब्रेनचा पापुद्रा नसतो. त्यामुळे लहान रेणूंना मोकळी वाट मिळते. केशवाहिनीची भिंत आणि पेशींमधली जाळी मिळून जी चाळणी होते, ती फक्त मोठ्यांना अडवते. ६६ किलोडाल्टनचं (किलोडाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) अल्ब्युमिन आरामात पलीकडे जातं. ३४० किलोडाल्टनचं फायब्रिनोजेन किंवा ७२० किलोडाल्टनचं अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन अलीकडेच राहतं. निरोगी सांध्याचं पाणी टेबलावर ठेवलं तरी गोठत नाही ते यामुळेच, त्यात गोठण्यासाठी लागणारं फायब्रिनोजेनच नसतं. सूज आली की चाळणीची भोकं रुंदावतात, फायब्रिनोजेन आत येतं आणि सिरिंजमध्येच गुठळ्या दिसू लागतात.

दुसरा दरवाजा आतून उघडतो. अस्तराच्या पेशी ल्युब्रिसिन हे प्रथिन आणि हायल्युरोनन ही लांबच लांब साखरेची साखळी बनवतात. हायल्युरोनन प्रथिन नाही, हे परीक्षेत निम्मे जण विसरतात. पाण्याचा चिकटपणा मुख्यतः त्याचा. अंड्याच्या पांढऱ्यासारखा हा द्रव पाहून पॅरासेल्ससने सोळाव्या शतकात त्याला सायनोव्हिया हे नाव दिलं. आपल्याकडे आयुर्वेदाने कफाच्या पाच प्रकारांतला एक, श्लेषक, सांध्यांत बसवला होताच. सूज आली की त्याच पेशी इंटरल्युकिन-६ हे दाहाचा निरोप पोचवणारं प्रथिन आणि कूर्चा कुरतडणारी एमएमपी ही एन्झाइमं बनवायला लागतात, बाहेरून आलेल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आपली प्रथिनं ओततात आणि झिजणारी कूर्चा आपले तुकडे सोडते.

गट पाडणं

कागदपत्रं आधी. संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी, आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संमतीपत्र, आणि ते रुग्णाला समजेल अशा मराठीत. 'सायनोव्हियल द्रवाचे प्रोटिओमिक विश्लेषण' असं लिहिलेल्या कागदावर सही घेणं म्हणजे संमती घेणं नव्हे. "गुडघ्यातलं पाणी उपचारासाठी काढणारच आहोत, त्यातलं उरलेलं थोडं तपासायला ठेवू का?" असं विचारा. संशोधनासाठी म्हणून वेगळी सुई खुपसायची नाही, हा नियम स्वतःलाच घालून घ्या.

निदान मान्य निकषांवर करा. आमवातासाठी एसीआर-युलार या अमेरिकन आणि युरोपीय संधिवात संघटनांचे २०१० चे, गाऊटसाठी २०१५ चे, झिजेसाठी एक्स-रेवर केलग्रेन-लॉरेन्सची ० ते ४ ही प्रतवारी. गाऊटच्या गटात स्फटिक प्रत्यक्ष दिसलेलेच रुग्ण घ्या, नुसतं युरिक अ‍ॅसिड वाढलंय म्हणून नको. १९६१ मध्ये मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी पोलराइज्ड प्रकाशात युरेटच्या सुया दाखवल्या तेव्हापासून हाच खरा पुरावा मानला जातो.

महाराष्ट्रात आणखी दोन गोष्टी तपासल्याशिवाय आमवाताचा गट बंद करू नका. एक चिकुनगुनिया. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची मोठी साथ आली, मग जवळपास तीन दशकं शांतता, आणि २००६ मध्ये राज्यभर लोक वाकून चालताना दिसले. तापानंतर महिनोन्‌महिने सुजलेले सांधे आमवातासारखेच दिसतात. दुसरी गोष्ट क्षय. एकच गुडघा, हळूहळू वाढणारी सूज, पाण्यात तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे दाणे. हे दाणे मुख्यतः फायब्रिनचे असतात आणि आमवातातही दिसतात, म्हणून दाणे दिसले की क्षयाच्या तपासण्या पाठवा, उत्तर येईपर्यंत नमुना कुठल्याच गटात टाकू नका. एडीए (क्षयाच्या शंकेत मोजतात ते एन्झाइम) वाढलेलं आलं तरी लगेच क्षयाचा शिक्का मारू नका. आमवातात आणि पू झालेल्या सांध्यातही ते वाढू शकतं.

निरोगी नमुना मिळवणं ही सगळ्यात मोठी अडचण. तीन मिली पाणी असलेल्या, न दुखणाऱ्या गुडघ्यात सुई कोण घालून घेईल? आर्थ्रोस्कोपीच्या (दुर्बिणीने सांधा पाहण्याच्या) वेळी मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली कूर्चेची गादी, फाटलेल्यांचं पाणी मिळतं, पण तो सांधा जखमीच असतो. बहुतेक जण झिजेच्या गटालाच तुलनेचा आधार मानतात. चालेल, मात्र प्रबंधात त्या गटाला 'नॉर्मल कंट्रोल' म्हणू नका.

औषधांची नोंद प्रत्येक फॉर्मवर हवीच. गेल्या काही महिन्यांत सांध्यात स्टिरॉइड दिलंय का, हायल्युरोननचं इंजेक्शन दिलंय का, मेथोट्रेक्सेट चालू आहे का. टोसिलिझुमॅब हे आमवाताचं औषध घेणाऱ्या रुग्णात इंटरल्युकिन-६ चा आकडा औषधामुळेच फुगतो, कारण त्याचा रिसेप्टर अडवलेला असतो आणि ते वापरलं जात नाही. ही नोंद नसली तर विश्लेषणाच्या वेळी डोकं धरून बसाल.

सुईपासून फ्रीजरपर्यंत

पाणी निघालं की पहिला हक्क रुग्णाचा. आधी निर्जंतुक भाग कल्चरला, मग पेशींच्या मोजणीला ईडीटीएची (गोठू न देणारं रसायन घातलेली) ट्यूब, मग स्फटिकांना, आणि उरलं तर तुम्हाला. सांधा लाल, तापलेला आणि रुग्णाला ताप असेल तर पू झालाय असं धरून सगळं आधी निदानाला जाऊ द्या. संशोधन थांबू शकतं, पू थांबत नाही.

सिरिंजमधून एक थेंब सोडून बघा, ही सवय लावून घ्या. निरोगी किंवा झिजेच्या सांध्याचा थेंब पडताना मागे चार-पाच सेंटीमीटरची तार ओढतो, गुलाबजामाचा पाक दोन बोटांत धरल्यावर येते तशी. आमवाताचा थेंब नळाच्या पाण्यासारखा टपकन पडतो. ही तार मोजून वहीत लिहा. पुढे प्रथिनांचे आकडे विचित्र आले की याच नोंदीकडे परत यावं लागतं. रंगही लिहा: फिकट पिवळा आणि आरपार, पिवळट गढूळ, दुधाळ, रक्ताचा. गढूळपणा ठरवायला ट्यूबमागे छापील कागद धरा. अक्षरं वाचता आली तर आरपार.

गोठू नये म्हणून काय घालायचं ते एकदाच ठरवा आणि अभ्यास संपेपर्यंत बदलू नका. स्फटिक पाहायचे असतील तर ऑक्झलेट, लिथियम हेपारिन आणि पावडरचं ईडीटीए टाळा, त्यांचेच कण स्फटिकांसारखे दिसतात. प्रथिनांना ईडीटीए किंवा सोडियम हेपारिन दोन्ही चालतात. एमएमपीचं प्रमाण नाही तर क्रियाशीलता मोजायची असेल तर मात्र ईडीटीए नकोच. ते कॅल्शियम आणि झिंक पकडून एन्झाइमच बंद पाडतं.

त्याच बैठकीत, अर्ध्या तासाच्या आत, रुग्णाचं रक्तही घ्या.

पाणी शक्यतो तासाभरात सेंट्रिफ्यूजला लावा: ३००० जीवर १५ मिनिटं, ४ अंशांवर. चिकट नमुना असेल तर थोडा जास्त वेळ. पेशी तळाला बसल्या की वरचा द्रव काढा, २०० मायक्रोलिटरच्या छोट्या ट्यूबमध्ये वाटा आणि उणे ८० अंशांवर ठेवा. पेशी न काढता गोठवलेला नमुना वाया गेला समजा. गोठताना पेशी फुटतात, आणि न्यूट्रोफिलच्या पोटात कॅल्प्रोटेक्टिन म्हणजे एस१००ए८ आणि ए९ ही जोडी इतकी खच्चून भरलेली असते की नंतर मोजलेला आकडा सांध्याबद्दल काहीच सांगत नाही. तो तुमच्या फ्रीजरबद्दल सांगतो.

रक्त मिसळलंय का ते डोळ्यांवर सोडू नका. ४१४ नॅनोमीटरला शोषण मोजा, तिथे हिमोग्लोबिनचं टोक असतं. मर्यादा आधी ठरवा आणि त्यापुढचे नमुने बाद करा, मग ते कितीही कष्टाने मिळालेले असोत.

चिकटपणा तोडल्याशिवाय पिपेट धरू नका

इथे मी स्वतः तोंडावर आपटलेलो आहे. सुरुवातीच्या दिवसांत दहा मायक्रोलिटर पाणी सरळ साध्या टिपने ओढायचो. झिजेच्या रुग्णांमध्ये प्रथिन आमवाताच्या जेमतेम तिसरा हिस्सा यायचं, आणि मी खूश. पंधरा दिवसांनी एका सिनियर ताईंनी माझ्या हातातली टिप उजेडात धरली. "हे बघ, निम्मा नमुना आतच चिकटलाय." झिजेचं पाणी चिकट, म्हणून ते टिपमध्ये कमी ओढलं जात होतं आणि ओढलेलं बाहेर पडत नव्हतं. आमवाताचं पाणी पातळ, ते पूर्ण यायचं. मी प्रथिन मोजतच नव्हतो, चिकटपणा मोजत होतो. पंधरा दिवसांचं काम वहीतच राहिलं.

उपाय सोपा आहे. हायल्युरोनिडेज हे एन्झाइम घाला आणि ३७ अंशांवर अर्धा ते एक तास ठेवा. किती युनिट घालायचं ते बाटलीवरच्या सूचनेपासून सुरू करा, पण खरी खूण डोळ्यांची: टिपच्या टोकाला तार न येता थेंब मोकळा पडला पाहिजे. एन्झाइम घालण्याआधी नमुना घेताना टिपचं टोक कात्रीने कापून रुंद करा, हळू ओढा, टिप बाहेरून पुसा. त्याहून बरं म्हणजे वजनावर मोजा. मिलीग्रॅम दाखवणारा तराजू चिकट द्रवाला फसत नाही. पातळ करण्याचं प्रमाण सगळ्या नमुन्यांत तेच ठेवा, आधीच पातळ असलेल्या आमवाताच्या नमुन्यातही एन्झाइम घाला, आणि सीरमलाही तीच वागणूक द्या. बैलाच्या वृषणातून काढलेलं हायल्युरोनिडेज हे स्वतः प्रथिन आहे आणि त्याच्यासोबत बैलाची इतर प्रथिनंही येतात. म्हणून नुसत्या बफरमध्ये एन्झाइम घातलेला एक ब्लँक प्रत्येक वेळी चालवा.

एकूण प्रथिन: जुनं तेच बरं

रंगावरून प्रथिन मोजायची ब्रॅडफर्ड पद्धत सोपी आणि झटपट, म्हणून सगळे तिकडे धावतात. या कामाला ती चुकीची आहे. तिचा रंग अल्ब्युमिनला जास्त चढतो, गॅमा ग्लोब्युलिनला जवळजवळ निम्माच. झिजेच्या पाण्यात अल्ब्युमिनचं राज्य, आमवातात ग्लोब्युलिन वाढलेली. म्हणजे ज्या गटात प्रथिन जास्त असायला हवं तिथेच ही पद्धत कमी दाखवते आणि फरक गिळून टाकते. बीसीए पद्धत याबाबतीत बरी, पण तिच्यातलं तांबं ईडीटीए पकडतं. ट्यूब अर्धवट भरली असेल तर ईडीटीएचं प्रमाण दुप्पट होतं आणि गोंधळही.

तालुक्याच्या लॅबमध्येही असणारी बाय्युरेट ही इथे सगळ्यात प्रामाणिक पद्धत. ५४० नॅनोमीटरला वाचायची, पेप्टाइड बंध मोजते, प्रथिन कुठलं याची फारशी फिकीर करत नाही. डेसिलीटरला काही ग्रॅम हाच तिचा पट्टा. हॉस्पिटलच्या ऑटो-अ‍ॅनलायझरवर चालवता येते. नवीन किट मागवण्यापूर्वी खालच्या मजल्यावर जाऊन विचारा.

झिजेच्या सांध्यात आकडा बहुधा ३ च्या आसपास किंवा खाली राहतो, आमवातात ४ ते ६ पर्यंत चढतो, पू असेल तर सीरमच्या जवळ जातो. गाऊटचा झटका चालू असताना तो आमवातासारखाच येतो. म्हणून एकूण प्रथिनावरून रोग ओळखता येत नाही, फक्त चाळणी किती फाटली ते कळतं. पुढच्या कामाला तेवढं पुरे.

एक नमुना, दोन जेल

एसडीएस-पेजवर, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर, लोक एकच जेल चालवतात आणि अर्धं सत्य बघतात. तुम्ही दोन चालवा. पहिल्यात सगळ्यांचं आकारमान सारखं, उदाहरणार्थ प्रत्येकी अर्धा मायक्रोलिटर मूळ पाणी. दुसऱ्यात सगळ्यांचं प्रथिन सारखं, १५ मायक्रोग्रॅम. पहिलं जेल गळती दाखवतं: आमवाताची लेन गडद, झिजेची फिकट. दुसऱ्यात गळतीचा फरक काढून टाकलेला असतो, उरतो तो मिश्रणातला फरक.

रिड्यूस केलेल्या (प्रथिनांच्या साखळ्या सुट्या केलेल्या) जेलवर ६६ किलोडाल्टनला अल्ब्युमिनचा जाडजूड ठिपका, त्याच्या वर ट्रान्सफेरिन, ५० आणि २५ ला इम्युनोग्लोब्युलिनच्या जड आणि हलक्या साखळ्या, १८० ला अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिनचा तुकडा. ही १८० ची रेघ झिजेच्या लेनमध्ये पुसट आणि आमवातात ठळक दिसली तर चाळणीची गोष्ट डोळ्यांनी दिसली असं समजा. १५ च्या आसपास जोरदार रेघ आली तर आनंदाने उडी मारू नका, बहुधा ते हिमोग्लोबिन आहे. ज्या रुग्णाचं पाणी त्याचंच सीरम शेजारच्या लेनमध्ये ठेवा. आणि एका जेलवर सगळे आमवाताचे, दुसऱ्यावर सगळे झिजेचे असं कधीही करू नका. चारही गट प्रत्येक जेलवर मिसळा.

गळतीची रेषा

आता मुख्य काम. चार-पाच अशी प्रथिनं निवडा जी यकृतात बनतात आणि सांध्यात फारशी बनत नाहीत: अल्ब्युमिन, ट्रान्सफेरिन, सेरुलोप्लाझ्मिन, अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन. नेफेलोमीटर किंवा टर्बिडिमेट्रीवर (गढूळपणावरून प्रथिन मोजायच्या पद्धतींवर) ती पाण्यात आणि सीरममध्ये दोन्हीकडे मोजा. प्रत्येकासाठी पाण्यातला आकडा भागिले सीरममधला आकडा. मग लॉग-लॉग कागदावर आडव्या अक्षावर रेणूचा आकार आणि उभ्या अक्षावर हे गुणोत्तर मांडा. उतरती रेषा मिळते. झिजेच्या सांध्यात ती तीव्र उताराची, कारण मोठे रेणू अडवलेले. आमवातात ती चपटी, कारण चाळणी फाटलेली.

ही रेषा त्या रुग्णाच्या त्या दिवसाच्या गळतीचा हिशेब. आता तुम्हाला ज्या प्रथिनाबद्दल बोलायचंय ते तिच्यावर ठेवा. रेषेच्या वर गेलं तर सांध्यातच तयार होतंय. रेषेखाली पडलं तर सांध्यात खर्च होतंय किंवा तुटतंय.

आलेख काढायचा नसेल तर अल्ब्युमिनने भागायचं सोपं गणित आहे, मेंदूच्या पाण्यात आयजीजी इंडेक्स काढतात तसंच. हिशेब कळावा म्हणून मनचे आकडे घेऊ. आमवाताच्या रुग्णाचं अल्ब्युमिन पाण्यात २.४ आणि सीरममध्ये ३.६, गुणोत्तर ०.६७. आयजीजी पाण्यात १.२, सीरममध्ये १.५, गुणोत्तर ०.८. दुसऱ्याला पहिल्याने भागा: १.२. आयजीजी अल्ब्युमिनच्या दुपटीहून मोठं आहे, म्हणजे नुसत्या गळतीने हा आकडा १ च्या खाली यायला हवा होता. तो वर आहे, याचा अर्थ सांध्याच्या अस्तरात ठाण मांडून बसलेल्या प्लाझ्मा पेशी तिथेच अँटिबॉडी बनवताहेत. त्याच रुग्णात अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन ६० विरुद्ध २०० आलं तर गुणोत्तर ०.३, भागल्यावर ०.४५. मोठा रेणू, कमी गळला, नवल नाही. आणि एमएमपी-३ पाण्यात २०,००० आणि सीरममध्ये १०० नॅनोग्रॅम असेल तर भागल्यावर ३०० येतं. इथे रेषा काढायचीही गरज उरत नाही.

कॉम्प्लिमेंट सी३ (रक्तातलं एक संरक्षक प्रथिन) ही या पद्धतीची जुनी, देखणी कसोटी. आमवातात इतर सगळी प्रथिनं वाढलेली असताना ते अपेक्षेपेक्षा कमी सापडतं, कारण प्रतिपिंडांच्या गुंत्यांवर ते सांध्यातच खर्ची पडतं. जुलाब किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गानंतर येणाऱ्या रिअ‍ॅक्टिव्ह संधिवातात मात्र ते वाढलेलं मिळतं. नुसते आकडे पाहिले असते तर हा फरक गळतीत बुडाला असता.

रोगागणिक काय शोधायचं

झिजेत कूर्चेचे अवशेष शोधा: कॉम्प आणि अ‍ॅग्रिकन या कूर्चेतल्या प्रथिनांचे तुकडे. झिजेला दाहाविना आजार म्हणायची जुनी सवय सोडा, कॉम्प्लिमेंटचे घटक आणि थोडं इंटरल्युकिन-६ इथेही सापडतं, फक्त पेशी कमी असतात, मायक्रोलिटरला साधारण २००० च्या खाली.

आमवातात यादी लांब: इंटरल्युकिन-६, टीएनएफ, एमएमपी-१ आणि ३, कॅल्प्रोटेक्टिन, ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर ही अँटिबॉडी, आणि आर्जिनिनचं सिट्रुलिन झालेली फायब्रिनोजेन, व्हिमेंटिन, इनोलेज ही प्रथिनं. सोरायसिसचा संधिवात प्रथिनांच्या यादीवर आमवाताच्या इतका जवळ येतो की लहान अभ्यासात त्यांना वेगळं करायचा हट्ट धरू नये.

गाऊटची गोष्ट मला सगळ्यात आवडते. स्फटिक पेशींमधला इन्फ्लमासोम, म्हणजे दाहाची यंत्रणा, पेटवतात, इंटरल्युकिन-१ बीटा उसळतो, रात्री दोन वाजता अंगठ्याला चादरही सहन होत नाही. आणि मग आठ-दहा दिवसांत झटका आपोआप ओसरतो, स्फटिक मात्र तिथेच असतात. याचं एक उत्तर प्रथिनांत आहे. स्फटिकावर प्रथिनांचा लेप बसतो. आयजीजीचा लेप न्यूट्रोफिलना चिथवतो, अपोलायपोप्रोटीन-बीचा लेप त्यांना शांत करतो. ते वाहून नेणारे एलडीएलचे कण मोठे, शांत सांध्यात ते फारसे शिरत नाहीत. सूज वाढून चाळणी फाटली की आत येतात आणि स्फटिकांवर बसतात. म्हणजे गळतीच झटका विझवायला हातभार लावते. गाऊटचे नमुने घेताना झटक्याचा कितवा दिवस हे लिहिलं नसेल तर तुलना कशाशी करणार?

पू झालेल्या सांध्यात पेशी अनेकदा ५०,००० च्या पुढे, ग्लुकोज खाली, लॅक्टेट वर. कृत्रिम सांध्याच्या संसर्गात अल्फा-डिफेन्सिन हे न्यूट्रोफिलचं प्रथिन खरोखर निदानाला वापरलं जातं. या सगळ्या खटाटोपातून दवाखान्यापर्यंत पोचलेलं ते मोजकं यश.

एलायझा (अँटिबॉडीने प्रथिन पकडून रंगावरून मोजायची) किट जवळजवळ सगळी सीरमसाठी बनवलेली असतात. आमवाताच्या पाण्यातला ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर किटमधल्या दोन अँटिबॉडींना एकमेकींशी जोडतो आणि प्रथिन नसतानाही रंग येतो. ब्लॉकिंग रिएजंट घाला, आणि दोन परीक्षा आधी घ्या. नमुना १०, २०, ४० पट पातळ करा. परत गुणल्यावर आकडा तोच आला पाहिजे. मग ठरावीक मात्रा मिसळा: मूळ १०० पिकोग्रॅम, मिसळले २००, सापडले २८५, तर परत मिळाले १८५, म्हणजे ९२.५ टक्के. ८० ते १२० च्या बाहेर गेलं तर ते किट या द्रवासाठी नाही. चारही गटांत वेगवेगळी परीक्षा घ्या, फक्त झिजेच्या नमुन्यावर पास झालेलं किट आमवातात नापास होतं.

मास स्पेक परवडत असेल तर

मास स्पेक्ट्रोमीटर वस्तुमानावरून प्रथिनं ओळखतं. मशीन मोठ्या संस्थेत, पैसे नमुन्यागणिक, म्हणून सगळ्यात शेवटी. अल्ब्युमिन आणि आयजीजी मिळून इतकी जागा खातात की बारकी प्रथिनं दबून जातात. ती काढायचे कॉलम मिळतात, पण अल्ब्युमिनला चिकटलेली लहान प्रथिनंही त्यासोबत निघून जातात. आणि आयजीजी हाच तुमचा मुद्दा असेल तर तुम्ही पुरावाच गटारात ओतलात. मी आधी काही नमुने काहीही न काढता चालवून बघायच्या बाजूचा आहे. डीटीटी, आयोडोअ‍ॅसिटामाइड, रात्रभर ट्रिप्सिन ही प्रथिनांचे तुकडे करायची नेहमीची वाट. शोधताना बैलाच्या प्रथिनांचा डेटाबेसही जोडा, हायल्युरोनिडेजची पाहुणेमंडळी त्यातच पकडली जातात. ज्या कार्बामिलेशन आणि डीअ‍ॅमिडेशनमुळे सिट्रुलिनचा भास होतो, त्यांच्याकडे लक्ष ठेवा: डीअ‍ॅमिडेशन आणि सिट्रुलिनेशन दोन्हींत वस्तुमान ०.९८ डाल्टनने वाढतं, आणि घाईत एकाला दुसरं समजणं फार सोपं आहे.

आकडेमोडीत आकड्यांचा लॉग घ्या, वय आणि औषधं मॉडेलमध्ये घाला. आमवाताचे रुग्ण बहुधा चाळिशीतले आणि झिजेचे पासष्टीचे, म्हणून वयाचा फरक रोगाचा म्हणून खपतो. पाचशे प्रथिनं तपासली तर ०.०५ च्या पट्टीवर पंचवीस नुसत्या योगायोगाने 'सिग्निफिकंट' येतील. असे योगायोग गाळणारी बेंजामिनी-हॉकबर्गची दुरुस्ती लावल्याशिवाय एकही नाव गाइडला दाखवू नका. एकाच रुग्णाचे दोन गुडघे म्हणजे दोन रुग्ण नव्हेत.

प्रत्येक नमुन्याच्या दोन ट्यूब न उघडता मागे ठेवा, झाकणावर लाल पेनने तारीख, तारेची लांबी आणि गोठवण्याआधी गेलेली मिनिटं लिहून. व्हायव्हात एक्स्टर्नल विचारतील, "हे सीरमपेक्षा खरंच जास्त आहे का?" तेव्हा त्यातली एक लागेल.